कामावर शिकाऊ पोरं असतील, चालेल का?

"ताई, कामावर माझी शिकाऊ पोरं असतील. चालत असंल तर पुढचं बोलू." घराच्या दुरुस्तीसाठी बोलावलेल्या मेस्त्रींनी पहिल्या भेटीत दर सांगायच्या आधी हे विचारलं. मी "विचार करून सांगते" म्हणाले, पण मनात नाही म्हणून टाकलं होतं. माझ्या घरावर कुणी हात साफ करावेत एवढी ताकद माझ्यात उरली नव्हती.

आमचं घर शाहूपुरीत. खाली रस्त्याच्या बाजूला माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान, मागं स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. पंचगंगेला पाणी चढलं की आमच्या भागात काय होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट 2019 मध्ये दुकानात पाणी आलं, जुलै 2021 मध्ये परत आलं आणि साडेतीन फुटांवर चार दिवस थांबलं. दुसऱ्या पुरानंतर एका ठेकेदाराला काम दिलं. पाणी उतरून दोन आठवडेही झाले नव्हते, भिंती आतून ओल्या होत्या, तरी त्यानं वरनं प्लास्टर मारून, रंग देऊन, पैसे घेऊन काम संपवलं. दीड वर्षात भिंतीला लोणा फुटला. पांढरी भुकटी कापडांवर पडायची, मग प्लास्टरचे पापुद्रे सुटायला लागले. वरच्या बाथरूमचं पाणी तर सरळ दुकानात झिरपायचं. एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नातल्या शालूचा ब्लाउज माझ्या हँगरवर असताना डागाळला. त्या माऊली मला काही बोलल्या नाहीत, पण परत दुकानात आल्या नाहीत.

तर असं दोनदा पोळल्यावर शिकाऊ पोरांना मी हो का म्हणाले? माझ्या एका गिऱ्हाइकाच्या राजारामपुरीतल्या घराचं काम याच मेस्त्रींनी केलं होतं, ते जाऊन बघितलं. खिडकीचे कोपरे बघितले, बाथरूममध्ये मगभर पाणी ओतून बघितलं. मग मेस्त्रींना परत बोलावलं आणि विचारलं, पोरांनी बिघडवलं तर? त्यांनी वही काढली आणि माझ्यासमोर लिहिलं: काम हजेरीवर नाही, अंगावर, प्लास्टर, फरशी सगळं चौरस फुटाच्या दरानं. शिकाऊच्या हातनं चुकून जे पाडावं लागेल त्याचा माल आणि मजुरी मेस्त्रींची. खाली सही केली. मी पोरांची वयंही विचारली, कारण बांधकामावर लहान पोरं राबताना मी बघितली आहेत आणि ते माझ्या दारात मला नको होतं. तिघंही अठरा पूर्ण केलेले होते.

2024 ची दिवाळी झाली आणि 6 नोव्हेंबरला काम सुरू झालं. मेस्त्रींचं वय साठीला टेकलेलं, हाताखाली बाराएक माणसं, आणि त्यात हे तिघं: गारगोटीकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा गवंडीकाम शिकणारा, कळंबा रोडवरच्या सरकारी आयटीआयमधून वायरमनचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेला दुसरा, आणि शिरोलीची एक मुलगी, बारावी झालेली, फरशीकाम शिकणारी. तिची आई याच टोळीत बिगारी होती. सगळे मला मावशी म्हणायला लागले, मेस्त्री तेवढे ताई म्हणायचे.

तिसऱ्या आठवड्यातला एक दिवस मी विसरणार नाही. दुकानाची पश्चिमेकडची भिंत गारगोटीच्या पोराला एकट्याला प्लास्टरला दिली होती. सकाळपासून तो लागला होता. माझ्या डोळ्यांना भिंत सुंदर दिसत होती. दुपारी मेस्त्री आले, काही बोलले नाहीत, अॅल्युमिनियमची लांब पट्टी भिंतीला लावली आणि त्यालाच म्हणाले, "बघ." मधे एका जागी पट्टी आणि भिंत यांच्यात उजेड दिसत होता. मग ओळंबा सोडायला सांगितला. वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला दोरीपासून भिंतीचं अंतर त्यालाच मोजायला लावलं. साडेआठ फुटांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक निघाला.

"आता काय करायचं?"

पोरगा गप्प.

"सांग की. घर कुणाचं हाय?"

"मावशींचं."

"मग?"

"पाडतो."

माल अजून ओला होता. त्यानं स्वतःच्या हातानं खरवडून काढला. मला गलबलून आलं, मी म्हणाले, "मेस्त्री, राहू दे हो, कपाटच येणार आहे तिथं, कुणाला दिसतंय?" तेव्हा ते म्हणाले, "ताई, भिंत तुमची हाय, पर हात त्याचा हाय. आज वाकडं चाललं तर त्याचा हात जन्मभर वाकडं चालवून घेईल." दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी भिंतीवर मालाचे छोटे ठोकळे लावून, ओळंब्यानं एका पातळीत आणून दाखवले, मग पोरानं त्यांच्या आधारानं भिंत भरली. तीच भिंत आज माझ्या दुकानातली सगळ्यात सरळ भिंत आहे. मी कापड कापणारी बाई आहे, सरळ रेघ मला कळते.

त्या दिवसापासून माझी भीती गेली. एक गोष्ट लक्षात आली ती सगळ्यांना सांगावीशी वाटते. जो माणूस शिकवतोय तो काही लपवू शकत नाही. आधीच्या ठेकेदाराची माणसं मुकाट्यानं काम करायची. काय केलं, का केलं, मला कधी कळलंच नाही. इथं प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलून व्हायची, कारण समोर विचारणारं पोर होतं. मी मशीनवर बसून ऐकायची. लोणा धरलेली भिंत आधी कोरड्या ब्रशनं घासायची, कारण पाणी मारलं तर तोच क्षार विरघळून परत आत शिरतो. पाणी साडेतीन फूट चढलं होतं तरी प्लास्टर पाच फुटांपर्यंत काढायचं, कारण वीट पाणी वर ओढते. मग विटा उघड्या ठेवून वाळू द्यायच्या. त्यात आमचे नऊ दिवस गेले आणि त्या नऊ दिवसांत मेस्त्रींनी माझ्याकडनं एक पैसा मागितला नाही. माल कालवला की अर्ध्या तासात संपवायचा, घट्ट झाला तर त्यात पाणी ओतून परत वापरायचा नाही. कॉलमचं काँक्रीट आणि वीट जिथं भेटतात तिथं जाळी ठोकायची, नाहीतर तिथंच तडा जातो. प्लास्टरला किमान सात दिवस पाणी मारायचं. 2021 च्या कामात यातली एकही गोष्ट झाली नव्हती, हे मला तीन वर्षांनी या पोरांच्या शाळेत बसून कळलं.

मापाचंही तसंच. सिमेंट-वाळू घमेल्यानं अंदाजे मोजायची नाही, असा मेस्त्रींचा नियम. सिमेंटचं 50 किलोचं पोतं साधारण 35 लिटर जागा घेतं, त्या मापाची लाकडी पेटी त्यांनी केलेली आहे. एका पोत्याला अशा किती पेट्या क्रश सँड, हा हिशेब शिरोलीच्या मुलीकडं होता. ती भिंतीवरच खडूनं लिहायची. बारावीचं गणित तिच्या असं कामाला आलेलं बघून मला फार बरं वाटायचं.

या मुलीबद्दल थोडं जास्त लिहिते. बांधकामावर बायका कमी नसतात. वाळू चाळतात, माल वाहतात, पाणी मारतात, तिसऱ्या मजल्यापर्यंत घमेली चढवतात. पण हातात थापी घेतलेली बाई मी पन्नाशी ओलांडेपर्यंत बघितली नव्हती. तिची आई एकवीस वर्षं या कामात आहे आणि तिची मजुरी आजही बिगारीचीच आहे, कारण तिला कुणी कधी शिकवलंच नाही. मुलीनं स्वतः मेस्त्रींना विचारलं होतं. टोळीतले दोघं-तिघं कुरकुरले, म्हणाले बाईमाणसाला फरशीचं वजन झेपायचं नाही. मेस्त्री म्हणाले म्हणे, हिची आई ह्याच फरश्या डोक्यावरनं वर आणते तवा झेपतंय, लावताना का झेपणार न्हाई? यापुढं कुणी बोललं नाही.

वरच्या बाथरूमची फरशी तिनं लावली. त्याआधी सगळं जुनं उखडून वॉटरप्रूफिंग केलं, जमीन आणि भिंत यांच्यातला कोपरा मालानं गोल करून घेतला, मग पाणी जायचं तोंड कापडाच्या बोळ्यानं आणि मालानं बंद करून चार इंच पाणी भरून ठेवलं. भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलनं खूण. खाली माझ्या दुकानात जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, थेंब पडला तर कळावा म्हणून. 48 तास. त्या दोन दिवसांत ती मुलगी सकाळी आल्या आल्या आधी वर्तमानपत्रं बघायची, मग चहा घ्यायची. एक थेंब पडला नाही. नंतर फरशी लावताना प्रत्येक फरशीवर थापीच्या दांड्यानं टकटक करून कान लावायची. पोकळ आवाज आला की खाली माल भरलेला नाही. काढायची, परत लावायची. दोन ठिकाणी काढली. शेवटी एक गोटी आणून दाराकडच्या कोपऱ्यातून सोडली, ती वळणं घेत जाळीपाशी जाऊन थांबली. उतार बरोबर आहे हे मला समजावं म्हणून तिनं ते माझ्या हातानं परत करून घेतलं. मी तीनदा सोडली गोटी.

वायरमन पोरगा बोलायला लाजरा, पण त्यानं आल्याबरोबर मला जे विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं: "मावशी, तुम्ही मशीनवर कुठं बसता आणि सावली कुठं पडती?" बसून दाखवलं. दिवा माझ्या डोक्यामागं होता, म्हणून सुईवर माझीच सावली पडायची. सत्तावीस वर्षं मी मान तिरकी करून शिवत होते. त्यानं दिवा डावीकडं समोर आणला. खालची सगळी सॉकेटं पुराच्या खुणेच्या वर, साडेचार फुटांवर घेतली. इस्त्रीला वेगळी जाड वायर, 2.5 चौरस मिलिमीटरची. जुन्या वायरिंगला अर्थिंगच नव्हतं, हे त्यानं टेस्टर लावून मला दाखवलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. ओल्या भिंतींच्या दुकानात दोन मुली दिवसभर विजेच्या मशीनवर बसत होत्या. आता अर्थिंग आहे, आणि आरसीसीबी आहे, म्हणजे वीज कुठं गळायला लागली की 30 मिलिअँपिअरला आपोआप बंद होणारा स्विच. त्याचं टेस्ट बटण महिन्यातनं एकदा दाबून बघायचं. दर एक तारखेला दाबते. अर्थात मुख्य जोडणी त्यानं एकट्यानं केली नाही. परवानाधारक वायरमन शेजारी उभा होता, त्यानं एकेक जोड तपासला, मगच वीज सोडली.

एक दिवस चार वाजताच सगळे हात धुऊन निघाले. मी जरा चिडलेच, फरशीचा माल यायचा होता. मेस्त्री म्हणाले, आज 10 तारीख, किरणोत्सव आहे, पोरांना अंबाबाईला घेऊन जातो. नोव्हेंबरात 9, 10, 11 या तारखांना मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात येतात हे मला माहीत होतं, लहानपणापासून बघत आले आहे. पण मेस्त्रींनी पोरांना काय बघायला नेलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. एवढ्या लांबून उजेडाची रेघ मूर्तीपर्यंत जायची तर दरवाजे, मंडप, गाभारा किती नेमक्या ओळीत धरले असतील, तेव्हा लेसर लेव्हल नव्हती, दोरी आणि ओळंबाच होता, हे त्यांना दाखवायचं होतं. गारगोटीचा पोरगा मला सांगत होता की दगडांच्या सांध्यात त्यानं नख घालून बघितलं. पुढच्या रविवारी स्वतःहून नवा राजवाडा बघून आला, 1884 साली बांधून झालेला, काळ्या घडीव दगडाचा. कोल्हापुरात जन्म काढून मी त्या भिंतींकडं तशी कधी बघितली नव्हती.

आता कागदपत्रांचं. खाली चहा पिताना मी मेस्त्रींना खोदून विचारलं, कारण माझ्या भाच्याचं दहावीनंतर काय करायचं हा घरात विषय होता. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 सालचा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घ्यावेच लागतात, चार ते एकोणतीस माणसं असतील तर ऐच्छिक. मेस्त्री ऐच्छिकातले. वायरमन पोराचा रीतसर करार आहे, ऑनलाइन नोंदलेला. 2019 च्या नियमांत किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणं महिन्याला 5,000 ते 9,000 ठरलं, आयटीआय झालेल्याला 7,000. आमच्या पोराला मेस्त्री त्याहून जास्त देत होते. यातला पाव हिस्सा, पण 1,500 पेक्षा जास्त नाही, सरकार भरतं. मुदत संपली की परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. गारगोटीच्या पोराचं मात्र नुसतंच तोंडी चाललं होतं, दोन वर्षं. हे मला पटलं नाही आणि मी मेस्त्रींना तसं सांगितलं. हात तयार झाला तरी कागद नसेल तर उद्या पुण्या-मुंबईच्या मोठ्या साइटवर त्याला परत बिगारी म्हणूनच उभं करतील. मेस्त्रींनी मान्य केलं. त्यांच्याकडं स्वतःकडंही कागद नाही, चाळीस वर्षांपूर्वी मामाच्या हाताखाली शिकले. बिगारी बायकांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी मात्र त्यांनी करून दिलेली आहे, वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला स्वतः देतात. हे करणारे फार थोडे.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. चाळीस दिवस सांगितले होते, त्रेपन्न लागले. वाळवणीचे नऊ दिवस मला मान्य आहेत, पण बाकीचे दिवस पोरांच्या सावकाशीमुळं गेले, आणि लग्नसराईत दुकान अर्धं बंद ठेवल्याचा तोटा माझा झाला, तो त्या वहीतल्या कराराच्या हिशेबात कुठं बसत नव्हता. मुदतही लिहून घ्यायला हवी होती. स्वयंपाकघरातल्या ओट्यामागच्या फरशीत एक रेघ किंचित खाली-वर आहे. ते मुलीचं पहिल्या आठवड्यातलं काम, आणि मेस्त्रींच्या नजरेतून ते निसटलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा ओटा बसला होता. त्यांनी तेवढ्याचे पैसे कमी केले, पण रेघ आहे. दुपारी बारा ते चार मेस्त्री फोन उचलत नाहीत. एकूण खर्च 2 लाख 85 हजार आला, दुसऱ्या एकानं दिलेल्या दरापेक्षा 20 हजारांनी जास्त. मला तो जड गेला, तरी परत द्यायची वेळ आली तर देईन. पाचपैकी साडेचार.

28 डिसेंबरला काम संपलं. त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, बाथरूमखालचं छत कोरडं आहे, भिंतीला लोणा नाही.

माझ्या दुकानात दोन मुली शिकतात. मी स्वतः सोळाव्या वर्षी मंगळवार पेठेत एका दुकानात शिकायला लागले, पहिलं दीड वर्ष नुसती काजं, हुक आणि हेमिंग. कात्री कुणी हातात दिली नाही. कापड वाया जाईल म्हणायचे. मी घरी वर्तमानपत्रं कापून शिकले. आणि नंतर माझ्या हाताखालच्या मुलींना मीही कात्री देत नव्हते, तेच कारण सांगून. जानेवारीत मी कॉटनचा एक स्वस्तातला तागा आणला आणि दोघींच्या पुढं ठेवला. धाकटीनं पहिले चार ब्लाउज बिघडवले. पाचव्याची बाही बरोबर बसली. तो ब्लाउज मी शिरोलीच्या मुलीला दिला. ती आता साने गुरुजी वसाहतीतल्या एका कामावर आहे, तिचा करार मार्चमध्ये नोंदवला, गारगोटीच्या पोराचाही.

मेस्त्रींचा नंबर मी असा उघड्यावर देत नाही. ज्यांना हवा त्यांनी दुकानात यावं, सकाळी अकराच्या पुढं. पश्चिमेकडची भिंत कपाटामागं आहे, पण कपाटाला चाकं लावून घेतली आहेत. सरकवून दाखवते. येताना ओळंबा आणला तरी चालेल.